तेल खाणाऱ्यांची शिरगणती

गॅरेजमागची, रेल्वे यार्डाजवळची किंवा फुटलेल्या पाइपलाइनखालची काळी चिकट माती साफ करायचे काम निघाले, की हल्ली एक वाक्य हमखास कानावर येते: ‘जिवाणू सोडलेत, ते तेल खाऊन टाकतील.’ ऐकणारा मान डोलावतो आणि मग विचारतो, खातायत हे कशावरून? जिवाणू दिसत नाहीत. माती महिनाभर तशीच काळी राहते. आणि काम चालू असल्याची ग्वाही देणारा माणूस बहुतेक वेळा तोच असतो, ज्याने जिवाणूंची पोती विकलेली असतात.

शंका रास्त आहे. हे जिवाणू मोजता येतात, आणि मोजायलाच हवेत. मात्र मोजायचे कसे यापेक्षा आलेल्या आकड्यावरून काय म्हणायचे, हा भाग जास्त अवघड आहे. या प्रकरणात आपण दोन्ही पाहू.

१. ते तिथे आधीपासूनच असतात

बागेतल्या एक ग्रॅम मातीत काही कोटी जिवाणू सहज सापडतात, सुपीक मातीत त्याहूनही जास्त. यातल्या काहींना खनिज तेल पचते. हे त्यांना कुणी शिकवलेले नाही. जमिनीतून आणि समुद्रतळातून तेल लाखो वर्षे आपोआप पाझरत आले आहे. शिवाय कोबीच्या पानावर पाणी ठरू न देणारा जो मेणासारखा थर असतो, त्यातही तेलातल्यासारख्याच कार्बनच्या लांब साखळ्या असतात. पाने मातीत पडून कुजतात म्हणजे कुणीतरी हे मेण खातच असते. स्युडोमोनास, ऱ्होडोकॉकस, अ‍ॅसिनेटोबॅक्टर ही त्या मंडळींची काही नावे.

स्वच्छ जमिनीत अशा तेलखाऊंचे प्रमाण साधारण हजारात एकाहूनही कमी असते. तेल सांडले की चित्र पालटते. ज्यांना ते पचते त्यांची चंगळ होते, ज्यांना बाधते ते मागे पडतात. फार तेल मुरलेल्या जमिनीत तेलखाऊ निम्म्याहून जास्तही होऊ शकतात. म्हणून मोजणी करणाऱ्याला दोन आकडे हवे असतात: एकूण जिवाणू किती आणि त्यांत तेलखाऊ किती. नुसता पहिला आकडा सांगून कुणी छाती फुगवत असेल तर त्याला दुसरा विचारावा.

बाहेरून जिवाणू आणण्याच्या कल्पनेलाही इतिहास आहे. जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या आनंद मोहन चक्रवर्ती या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने तेलाचे अनेक घटक पचवणारा एक स्युडोमोनास घडवला. त्याच्या पेटंटचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. सजीवाच्या पेटंटचा प्रश्न आला की हा खटला आजही पुढे केला जातो. तो जिवाणू मात्र उघड्यावर सांडलेल्या तेलावर कधी सोडला गेला नाही. आपल्याकडे दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेने केलेले ‘ऑइलझॅपर’ प्रत्यक्ष वापरात आहे. त्यात तेलाचे वेगवेगळे घटक खाणारे निवडक जिवाणू मक्याच्या कणसाच्या भुकटीत मुरवलेले असतात.

२. एक मूठ माती कुठून घ्यायची?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि प्रयोगशाळेतले कितीही महागडे यंत्र त्या निस्तरू शकत नाही. तेल जमिनीत एकसारखे पसरत नाही. वाळूच्या पट्ट्यातून ते झरझर खाली जाते आणि चिकणमाती लागली की अडून साचते. वीतभर अंतरावरच्या दोन नमुन्यांत जिवाणूंची संख्या दहापट वेगळी निघू शकते. म्हणून प्लॉटची चौकट आखून, अनेक ठिकाणी ठरलेल्या खोलीवरून माती काढतात. जवळच्याच, तेल न लागलेल्या जमिनीची मातीही घेतात. ती नसेल तर ‘वाढले’ म्हणायचे कशाच्या तुलनेत?

खुरपे किंवा गिरमिट प्रत्येक खड्ड्यानंतर धुऊन, स्पिरिटने पुसून घ्यायचे, नाहीतर पहिल्या खड्ड्यातले जिवाणू दहाव्यापर्यंत प्रवास करतात. जिवाणू वाढवून मोजायचे असतील तर माती बर्फाच्या पेटीत थंड ठेवून शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत प्रयोगशाळेत पोहोचवायची. ती गोठवायची नाही, कारण गोठताना बरेच जिवाणू मरतात. डीएनए काढायचा असेल तर नियम नेमका उलटा: माती ताबडतोब गोठवायची, म्हणजे आहे ती स्थिती तिथेच थांबते. दोन्ही तपासण्या करायच्या असतील तर नमुने जागेवरच वेगळे करावे लागतात. शेवटी थोडी माती भट्टीत वाळवून तिच्यातले पाणी किती ते पाहतात, कारण हिशेब कोरड्या मातीवर मांडायचा असतो. पावसाळ्यातल्या आणि मे महिन्यातल्या ओल्या वजनांची तुलना करून काही हाती लागत नाही.

३. पातळ करा, पसरा, मोजा

सगळ्यात जुनी रीत अशी. १० ग्रॅम माती ९० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात हलवायची. ही पहिली बाटली, मूळ मातीच्या एक दशांश. तिच्यातले १ मिलिलिटर दुसऱ्या नळीतल्या ९ मिलिलिटर पाण्यात घालायचे, तिच्यातले १ तिसऱ्या नळीत, असे पुढे जायचे. पाचव्या नळीपर्यंत द्रव एक लाखपट पातळ झालेला असतो. मग त्यातले ०.१ मिलिलिटर, खाणे मिसळलेल्या जेलीसारख्या अगरच्या थाळीवर पसरून ती उबेत ठेवायची. काही दिवसांत जिथे एक जिवाणू पडला होता तिथे त्याच्या वंशजांचा डोळ्यांना दिसणारा ठिपका तयार होतो. त्याला वसाहत म्हणतात. थाळीवर साधारण ३० ते ३०० ठिपके असतील तर मोजणी धरायची. कमी असतील तर योगायोगाचा भाग मोठा होतो, जास्त असतील तर ठिपके एकमेकांत मिसळतात.

समजा, पाचव्या नळीच्या थाळीवर ४६ ठिपके आले. त्या थाळीवर मूळ मातीचा ग्रॅमचा दहा लाखावा भाग पडला होता. म्हणजे ग्रॅममागे ४ कोटी ६० लाख जिवाणू. ही झाली एकूण संख्या.

तेलखाऊ मोजायचे तर थाळीतले खाणे बदलायचे. साखर, पेप्टोन काढून टाकायचे आणि फक्त नायट्रोजन, फॉस्फरस वगैरे क्षार ठेवायचे. बुशनेल आणि हास यांनी १९४१ साली सुचवलेले मिश्रण प्रयोगशाळांत आजही वापरतात. त्यात कार्बनचा एकमेव पुरवठा म्हणजे थोडे डिझेल किंवा कच्चे तेल. ज्याला ते पचेल तो वाढेल. समजा, या थाळ्यांपैकी तिसऱ्या नळीच्या थाळीवर ५८ ठिपके आले. तिच्यावर मातीचा दहा हजारावा भाग होता, म्हणजे ग्रॅममागे ५ लाख ८० हजार तेलखाऊ. शंभरात सव्वा. दीड महिन्यानंतर पुन्हा मोजल्यावर एकूण २० कोटी आणि तेलखाऊ ४ कोटी निघाले, तर प्रमाण शंभरात २० झाले. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण तेल सांडलेल्या जमिनीत एवढी मोठी झेप काही नवलाची नाही.

या पद्धतीत एक खोट आहे. अगर समुद्री शेवाळातून निघतो आणि त्यात स्वतःचा थोडा सेंद्रिय अंश असतोच. अल्पसंतुष्ट जिवाणू तेवढ्यावरही भागवतात. तेलाला तोंड न लावता ते तेलाच्या थाळीवर ठिपका उमटवतात आणि तेलखाऊ म्हणून मोजले जातात. म्हणून सोबत तेल अजिबात न घातलेली थाळी ठेवायची आणि तिच्यावर आलेले ठिपके वजा करायचे. अहवालात ही वजाबाकी दिसत नसेल तर आकडा फुगलेला असण्याची शक्यता बरीच.

४. न भिजलेल्या फरश्या

अगरची कटकट नको म्हणून दुसरी रीत निघाली. तिच्यात जिवाणू एकेक करून मोजतच नाहीत.

वळवाचा पाऊस सुरू होताना अंगण पाहा. टपोरे थेंब अधूनमधून पडत आहेत. एकूण थेंब मोजणे अशक्य, पण कोरड्या राहिलेल्या फरश्या मोजता येतात. थेंब कुठेही पडू शकत असतील, तर संभाव्यतेचे गणित सांगते की शंभरातल्या सुमारे ३७ फरश्या कोरड्या राहिल्या म्हणजे सरासरी फरशीमागे एक थेंब पडला. सुमारे १४ कोरड्या राहिल्या तर दोन, आणि फक्त ५ राहिल्या तर तीन. सगळ्याच ओल्या असतील तर काहीच कळत नाही, तेव्हा मोजणीसाठी काही फरश्या कोरड्या राहायलाच हव्यात.

प्रयोगशाळेतली फरशी म्हणजे ९६ खळग्यांची तळहाताएवढी प्लास्टिकची थाळी. तिच्यात क्षारांचे पाणी आणि तेलाचा थेंब घालतात. प्रत्येक रांगेत आधीच्या रांगेच्या दहापट पातळ केलेले मातीचे पाणी, आणि रांगेतल्या आठही खळग्यांत तेच. पहिल्या काही रांगांत सगळीकडे जिवाणू वाढतात, शेवटच्या रांगांत कुठेच नाही. कामाची रांग मधली. समजा, एक लाखपट पातळ रांगेत आठपैकी तीन खळगे कोरे राहिले. म्हणजे साधारण ३७ टक्के, म्हणजे खळग्यामागे सरासरी एक जिवाणू. खळग्यात ०.०२ मिलिलिटर द्रव घातला असेल तर हिशेब ग्रॅममागे ५० लाखांवर येतो. प्रत्यक्षात सगळ्या रांगा एकत्र धरून संगणक आकडा काढतो. या आकड्याला ‘सर्वाधिक संभाव्य संख्या’ म्हणतात.

खळग्यात कुणी वाढले हे कसे ओळखायचे? एक्सॉन व्हाल्डीझ हे जहाज २४ मार्च १९८९ रोजी अलास्कात खडकावर चढले आणि चार कोटी लिटरच्या आसपास कच्चे तेल समुद्रात गेले. किनाऱ्यावरचे असंख्य नमुने झटपट तपासायची वेळ आली, तेव्हा तिथल्या दोन संशोधकांनी एक साधी खूण वापरात आणली. खळग्यातल्या पाण्यावर तेलाची इंद्रधनुषी तकाकी असते. तेलखाऊ जिवाणू तेल फोडून पाण्यात मिसळवतात आणि तकाकी मोडते. खळगा तिरका धरून नुसत्या डोळ्यांनी पाहिले तरी कळते. पुढे रेन आणि व्हेनोसा यांनी १९९६ साली आणखी नेमकी पद्धत मांडली. सरळ साखळीचे घटक खाणाऱ्यांसाठी दोन आठवड्यांनी एक रंगद्रव्य घालायचे. श्वसन करणारे जिवाणू असतील तर खळगा लालसर होतो. नॅप्थॅलीनसारखे कड्यांचे घटक खाणाऱ्यांच्या थाळीत रंग घालावाच लागत नाही. अर्धवट पचलेल्या मालाने तीन आठवड्यांत खळगे पिवळट, तपकिरी होतात. हा दुसरा गट महत्त्वाचा, कारण माणसाला घातक असे पुष्कळ घटक कड्यांचे असतात आणि ते उशिरा संपतात.

या पद्धतीची नेमकेपणाची मर्यादा लक्षात ठेवावी. तीन-तीन नळ्यांच्या जुन्या मांडणीत संख्या छापील तक्त्यावरून काढतात; ती ४३ आली, तेव्हा खरी संख्या ९ ते १८० यांत कुठेही असू शकते. म्हणून संख्या दुप्पट झाल्याच्या बातमीला माझ्या मते काही वजन नाही. दहापट, शंभरपट झाली तर बोलावे.

५. थाळीत न येणारे

वरच्या दोन्ही रीतींत जिवाणूने प्रयोगशाळेत वाढावे लागते, आणि मातीतले बहुसंख्य जिवाणू तसे वाढत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्यांपैकी साधारण एक टक्काच थाळीवर येतात. त्यामुळे आता जिवाणूंऐवजी त्यांच्याकडची हत्यारे मोजतात. तेलाची सरळ साखळी तोडण्याची पहिली पायरी ज्या विकरामुळे होते, त्याचा आराखडा ‘अल्क-बी’ नावाच्या जनुकात असतो. नॅप्थॅलीनसाठी दुसरे जनुक, प्राणवायू नसताना टोल्युइन पचवण्यासाठी तिसरे. मातीतला सगळा डीएनए काढून त्यात या जनुकांच्या प्रती किती, ते पाहायचे.

कोरोनाच्या साथीत आरटी-पीसीआर आणि ‘सीटी व्हॅल्यू’ घराघरांत पोहोचले. इथेही तेच तंत्र आहे. यंत्र प्रत्येक फेरीत जनुकाच्या प्रती दुप्पट करते आणि ठरावीक चमक कितव्या फेरीला आली ते नोंदवते. दहा फेऱ्यांत १,०२४ पट होतात. समजा, साफसफाईआधीच्या मातीत चमक ३०व्या फेरीला आली आणि दोन महिन्यांनी २०व्या. म्हणजे जनुक सुमारे हजारपट वाढले. निकाल दिवसाभरात मिळतो, तीन आठवडे खळग्यांकडे बघत बसावे लागत नाही.

अर्थात हत्यार जवळ असणे आणि चालवणे यांत फरक आहे. मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही मातीत काही काळ टिकतो आणि मोजला जातो. मातीतले काही पदार्थ, विशेषतः ह्युमिक आम्ले, यंत्राच्या कामात अडथळा आणतात आणि संख्या कमी दिसते. शिवाय आपल्याला माहीत नसलेले जनुक वापरणारा जिवाणू या जाळ्यातून सुटतोच.

६. बेमिजीखालची शिफ्ट

आतापर्यंत आपण तेलखाऊ म्हणजे हवेत श्वास घेणारे असे गृहीत धरले. जमिनीखाली गोष्ट वेगळी असते. एक किलो तेल पूर्ण पचवायला सुमारे साडेतीन किलो प्राणवायू लागतो. काही मीटर खोल, पाण्याने भरलेल्या वाळूत तो आणायचा कुठून?

२० ऑगस्ट १९७९ रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली. सुमारे १७ लाख लिटर तेल बाहेर पडले. बरेचसे उपसले, काही जाळले, तरी अंदाजे ४ लाख लिटर वाळूत मुरून भूजलापर्यंत गेले. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने १९८३ पासून ही जागा अभ्यासासाठी धरून ठेवली आहे. एवढा काळ, एवढ्या बारकाईने पाहिलेल्या तेलगळतीच्या जागा जगात थोड्याच आहेत.

इथे प्रश्न ‘किती’ यापेक्षा ‘कोण’ हा होता. प्राणवायू संपला की दुसऱ्या कशाच्या तरी जोरावर श्वसन करणारे जिवाणू पुढे येतात. बेमिजीच्या वाळूच्या कणांवर लोहाचा गंजासारखा लेप आहे. काही जिवाणू प्राणवायूच्या जागी तो लेप वापरतात. तोही संपत आला की मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांची पाळी येते. बार्बरा बेकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या खोलीवरची वाळू घेऊन प्रत्येक गटाची संभाव्य संख्या काढली. लोह वापरणारे कुठे आहेत, मिथेनवाले कुठे शिरले आहेत आणि कोणता पट्टा पहिल्याकडून दुसऱ्याकडे सरकतो आहे, हे त्या आकड्यांवरून दिसले. साधी थाळी घेऊन कुणी गेले असते आणि हवेत वाढणारे तेलखाऊ मोजले असते, तर ‘इथे विशेष काही चालू नाही’ असा निष्कर्ष काढून परत आले असते.

७. वाढले, पण तेल गेले का?

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९३ साली जिवाणूंकरवी साफसफाई झाली असे म्हणण्यासाठी तीन गोष्टी एकत्र मागितल्या: जागेवरचे प्रदूषक खरोखर कमी झाले आहे, तिथल्या सूक्ष्मजीवांना ते पचते हे प्रयोगशाळेत दिसले आहे, आणि ते प्रत्यक्ष जागेवर पचवत आहेत याचा काहीतरी पुरावा आहे. जिवाणूंची संख्या हा तिसऱ्यातला एक तुकडा आहे. बिचाऱ्या एकट्या आकड्यावर सगळा भार टाकू नये.

कारण तेल इतर वाटांनीही जाते. हलके घटक उडतात, काही पावसाने वाहून जातात, नांगरणीत स्वच्छ माती मिसळली की प्रमाण आपोआप उतरते. यावर रसायनशास्त्रज्ञांनी तोडगा काढला. कच्च्या तेलात हॉपेन नावाचा एक घटक असतो, जो जिवाणूंना सहसा पचत नाही. समजा, सुरुवातीला किलोभर मातीत १०,००० मिलिग्रॅम तेल आणि १० मिलिग्रॅम हॉपेन होते. आता तेल ४,००० आणि हॉपेन ८ आहे. वरवर पाहता ६० टक्के तेल गेले. पण हॉपेनही कमी झाले, म्हणजे थोडे तेल धुऊन किंवा मिसळून गेले. हॉपेनच्या एका मिलिग्रॅममागे तेल आधी १,००० होते, आता ५०० आहे. खरी घट ५० टक्के. तीही जिवाणूंनी केली की हवेने, हे पाहायला दुसरी जोडी आहे: हेप्टाडेकेन आणि प्रिस्टेन. दोन्ही जवळजवळ सारख्याच वेगाने उडतात, पण सरळ साखळीचे हेप्टाडेकेन जिवाणू आधी खातात. त्यांचे गुणोत्तर उतरू लागले की समजावे, कुणीतरी खाते आहे. अलास्काच्या किनाऱ्यावर खत घातल्याने फरक पडला का, याचा हिशेब हॉपेनच्या आधारानेच मांडला गेला.

बेमिजीत आणखी एक वाट सापडली. तेल कोट्यवधी वर्षांचे जुने, त्यामुळे त्याच्यात किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेला नसतो. मुळे आणि पालापाचोळ्यातून निघणाऱ्या वायूत तो असतो. जमिनीवर पेटी ठेवून बाहेर येणारा कार्बन डाय-ऑक्साइड गोळा करायचा आणि त्यातला कार्बन-१४ पाहायचा. जितका कमी, तितका वायूचा मोठा भाग तेलातून आलेला.

आणि वरून सोडलेल्या जिवाणूंचे काय? १९९४ च्या उन्हाळ्यात डेलावेअरच्या फाउलर बीचवर व्हेनोसा आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम तेल ओतून १५ तुकड्यांवर प्रयोग केला. काहींना नुसते सोडले, काहींना खत दिले, काहींना खताबरोबर तिथलेच, वाढवलेले जिवाणू दिले. खताने वेग वाढला. जिवाणूंच्या भरीने त्यात आणखी फरक पडला नाही. नुसत्या सोडलेल्या तुकड्यांतही तेल बऱ्यापैकी वेगाने कमी होत होते, कारण समुद्राच्या पाण्यातून पुरेसे नायट्रोजन येत होते. न हात लावलेला तुकडा शेजारी नसता, तर सगळे श्रेय पोत्यातल्या जिवाणूंना मिळाले असते. आपल्याकडच्या कामांत असा तुकडा राखणे बऱ्याचदा पैशांचा अपव्यय समजले जाते. मला तो सगळ्यात स्वस्त पुरावा वाटतो.

८. संख्या उतरू लागली तर

काही महिन्यांनी तेलखाऊंची संख्या घसरू लागते आणि अहवाल वाचणारा घाबरतो. घसरणीची कारणे दोन प्रकारची असतात. एक म्हणजे उपासमार: पचण्याजोगे तेल संपत आले. दुसरे म्हणजे अडचण: माती सुकली, युरिया संपला किंवा फार झाला, थंडी पडली, मातीचा आम्लपणा वाढला. ओळखायला सोपी चाचणी आहे. त्याच मातीचे तीन डबे भरायचे. एकाला पाणी आणि खत, दुसऱ्याला त्यांच्यासोबत चमचाभर ताजे तेल, तिसऱ्याला काहीच नाही. पंधरा दिवसांत पहिल्या डब्यात जिवाणू उसळले तर अडचण होती, काम बाकी आहे. पहिला थंड आणि दुसरा उसळला तर जिवाणू ठीक आहेत, उरलेले तेलच त्यांच्या तोंडचे नाही. ते बहुधा अस्फाल्टसारखे जड, काळे अवशेष असतात. मोजणी इथवर आणून सोडते. त्या अवशेषांपासून पाण्याला किंवा पिकाला धोका आहे का, हे मातीतून पाणी झिरपवून आणि रोप लावून वेगळे तपासावे लागते.